इंग्रजीतलं ‘गेट’ पक्कं करायचंय? आधी त्याच्या पुढचा शब्द बघा

संध्याकाळच्या बॅचला मी पहिल्याच आठवड्यात फळ्यावर हे वाक्य लिहितो : ‘आय गॉट अप लेट, गॉट ड्रेस्ड इन अ हरी, गॉट द बस, गॉट टू द ऑफिस ॲट टेन अँड गॉट अ स्कोल्डिंग.’ आणि म्हणतो, करा मराठी. पाच मिनिटं शांतता असते, कारण शाळेपासून सगळ्यांना एकच पाठ आहे, गेट म्हणजे मिळणे, आणि इथे तर कुणाला काही मिळालेलं दिसत नाही. उशिरा उठलो, घाईघाईत कपडे घातले, बस पकडली, दहाला ऑफिसात पोचलो आणि बोलणी खाल्ली. गॉट पाच वेळा आलं, मराठीत पाच वेगळी क्रियापदं झाली, आणि त्यात मिळणे एकदाही नाही.

माझा एक विद्यार्थी एका हॉटेलात रिसेप्शनला लागला होता, तिथे एका परदेशी पाहुण्यांनी त्याला विचारलं, ‘कुड यू गेट मी अ टॅक्सी?’ याने अगदी अदबीने उत्तर दिलं, ‘यस सर, यू विल गेट.’ मग दोघंही उभे, पाहुणे टॅक्सीची वाट बघतायत आणि हा पाहुणे बाहेर कधी पडतायत त्याची. त्याने ऐकलं ‘टॅक्सी मिळेल का’, पाहुण्यांनी विचारलं होतं ‘टॅक्सी बोलावून देशील का’. मधला इंग्रजी ‘मी’, म्हणजे मला, हा एवढासा शब्द निसटला. पोराला बारावीला इंग्रजीत चांगले मार्क होते, अभ्यासात कमी नव्हता, पण गेटचा एकच अर्थ डोक्यात असला की असं होतं, आणि त्या दिवशी त्याला उगाच ऐकून घ्यावं लागलं हे मला अजून लागतं.

आता बघा, वरच्या परिच्छेदात मी ‘रिसेप्शनला लागला’, ‘ऐकून घ्यावं लागलं’ आणि ‘मला लागतं’ असं तीन वेळा लागणे वापरलं आणि तुम्ही कुठेच अडखळला नाहीत. भूक लागते, आग लागते, ठेच लागते, निकाल लागतो, वेळ लागतो, लग्न लागतं, पोरगं रडायला लागतं. गाडी फलाटाला लागते आणि घाटात कुणाला गाडी लागते, शब्द तेच, अर्थ एकदम वेगळा. हे अर्थ आपल्याला कुणी यादी करून शिकवलेले नाहीत, लागणेच्या सोबत कोण आलंय ते बघून आपण आपोआप अर्थ लावतो. गेटचं अगदी तसंच आहे, फक्त मराठीत सोबतचा शब्द बहुतेक आधी येतो आणि इंग्रजीत गेटच्या नंतर. म्हणून पुढचं सगळं एकाच गोष्टीवर उभं आहे, गेट दिसलं की थांबायचं नाही, लगेच पुढचा शब्द बघायचा.

सुरुवात करण्याआधी उच्चाराचं सांगून टाकतो कारण देवनागरीत ही एक खरी अडचण आहे. फाटकाचं गेट आणि हे गेट आपण लिहितो सारखंच, आणि मग बोलतोही सारखंच. आपला ए जरा लांबट असतो, आणि इंग्रजीत ऱ्हस्व ए वेगळा आहे. या क्रियापदातला ए पटकन तोडायचा, जिभेला रेंगाळू द्यायचं नाही. फाटकाच्या गेटमध्ये तो ताणायचा आणि शेवटी किंचित इ कडे न्यायचा, गेइट असा. लिहायचं पेन आणि दुखण्याचं पेन, परीक्षेची टेस्ट आणि चवीची टेस्ट, या जोड्या मोठ्याने म्हणून बघा, फरक करता आला की गेटही बरोबर येईल. आणि ऐकताना एक लक्षात ठेवा, अमेरिकन माणूस ‘गेट अप’ म्हणतो तेव्हा ते ‘गेडप’ सारखं ऐकू येतं आणि ‘गॉट इट’ हे ‘गाडिट’ सारखं, कारण दोन स्वरांच्या मधला ट ते मऊ करतात. सिरीज बघताना गेट ऐकूच येत नाही अशी तक्रार बरेच जण करतात त्याचं कारण हे.

अजून एक छोटी गोष्ट, मला स्वतःला फार आवडते म्हणून. हा शब्द मुळात इंग्लंडचा नाहीच. उत्तरेकडून, स्कँडिनेव्हियातून जे व्हायकिंग लोक इंग्लंडवर चाल करून आले आणि नवव्या शतकापासून तिथेच शेतीवाडी करून राहिले, त्यांच्या जुन्या नॉर्स भाषेतल्या ‘गेटा’ वरून तो आला. टेक, एग, स्काय, विंडो, अगदी ‘ते लोक’ या अर्थाचा दे सुद्धा त्याच वाटेने आलाय. शेजारी राहून रोजच्या व्यवहारात मिसळलेला शब्द आहे, त्यामुळे तो घरात, बाजारात, रस्त्यावर जास्त ऐकू येतो आणि सरकारी कागदात कमी, आणि हे शेवटी आपल्याला कामाला येणार आहे.

पायरी १ : पुढे वस्तू आहे का बघा

गेटच्या पुढे नाम असेल, म्हणजे वस्तू, माणूस, आजार, फोन, नोकरी असं काही, तर पहिला प्रश्न स्वतःला विचारायचा, गोष्ट आपोआप आली की कुणी जाऊन आणली? ‘आय गॉट अ लेटर’ म्हणजे मला पत्र आलं. ‘आय गॉट सम मिल्क ऑन द वे होम’ म्हणजे येताना मी दूध घेतलं. मराठीत हा फरक सुरुवातीलाच कळतो, पहिल्यात मला आहे आणि दुसऱ्यात मी, इंग्रजीत दोन्हीकडे आय, म्हणून ऐकताना संदर्भ धरावा लागतो.

यातूनच एक फार उपयोगी युक्ती निघते. आपलं मराठी वाक्य ‘मला’ने सुरू होत असेल आणि काहीतरी नव्याने घडलं असेल तर इंग्रजीत बऱ्याचदा ‘आय गॉट’ बसतं. मला राग आला, ‘आय गॉट अँग्री’. मला कंटाळा आला, ‘आय गॉट बोअर्ड’. मला सर्दी झाली, ‘आय गॉट अ कोल्ड’. मला संधी मिळाली, ‘आय गॉट अ चान्स’. मला धक्का बसला, ‘आय गॉट अ शॉक’. आमची मुलं सुरुवातीला ‘अँगर केम टू मी’ असं काहीतरी करायला जातात कारण मराठीत राग येतो, कंटाळा येतो, झोप येते, सगळं येतंच असतं, तर हे येणं इंग्रजीत न्यायचं नाही, आय पुढे घ्यायचा आणि गॉट लावायचं. पण आत्ता या क्षणाची अवस्था सांगायची असेल तर गॉट नको, मला भूक लागली आहे म्हणजे ‘आय ॲम हंग्री’ एवढंच.

पुढे दोन नामं लागोपाठ असली, एक माणूस आणि एक वस्तू, तर अर्थ आणून देणे. ‘गेट मी अ टॅक्सी’, ‘गेट युवर ग्रँडमदर अ चेअर’, आजीला खुर्ची आणून दे. आमच्या रिसेप्शनवाल्या पोराने हेच ऐकायला हवं होतं. आणि बोलताना नुसतं ‘गेट मी वॉटर’ म्हणू नका, घरात आपण ‘पाणी आण रे’ म्हणतो त्यात माया असते पण ते शब्द इंग्रजीत गेले की नुसता हुकूम उरतो, ‘कुड यू गेट मी सम वॉटर, प्लीज?’ असं म्हणा. दुकानात ‘इथे रिक्षा मिळेल का’ विचारताना ‘विल आय गेट अ रिक्षा हिअर’ पेक्षा ‘कॅन आय गेट अ रिक्षा हिअर’ जास्त सहज वाटतं.

याच गटात समजणे सुद्धा येतं. ‘आय गेट इट’, कळलं. ‘आय डिडन्ट गेट द जोक’, विनोद कळला नाही. ‘डोन्ट गेट मी राँग’, गैरसमज करून घेऊ नका. आपल्याकडे सर्रास ‘आय ॲम नॉट गेटिंग यू’ म्हणतात, भारतात ते चालून जातं पण बाहेरच्या माणसाला खटकतं, या अर्थाने साधं ‘आय डोन्ट गेट यू’ किंवा त्याहून नम्र ‘सॉरी, आय डिडन्ट गेट दॅट’ म्हणायचं.

पायरी २ : पुढे विशेषण असेल तर ‘होणे’

‘गेट टायर्ड’ दमणे, ‘गेट वेट’ भिजणे, ‘गेट ओल्ड’ म्हातारं होणे, ‘गेट बेटर’ बरं होणे, ‘गेट लॉस्ट’ वाट चुकणे, अर्थात कुणाला रागाने म्हटलं तर चालता हो. हळूहळू बदल होत असेल तर गेटिंग, ‘इट्स गेटिंग कोल्ड’, थंडी वाढत चाललीय.

इथे आपल्या तीन चुका ठरलेल्या आहेत. पहिली बोअरची. मराठीत आपण ‘बोअर होतंय’ म्हणतो म्हणून तोंडातून ‘आय ॲम गेटिंग बोअर’ निघतं, पाहिजे बोअर्ड, शेवटचा ड म्हणायचाच. दुसरी ‘आय ॲम गेटिंग लेट’. मला उशीर होतोय हे आपण असं सांगतो, पण इंग्रजीत ‘इट्स गेटिंग लेट’ म्हणजे बराच उशीर झालाय, रात्र झालीय, आता निघू, आणि माझा उशीर सांगायचा तर ‘आय ॲम रनिंग लेट’.

तिसरी लग्नाची, आणि ही जरा नीट समजून घ्या. ‘त्याचं लग्न झालं’ या एका मराठी वाक्यात दोन गोष्टी आहेत. तो विवाहित आहे ही अवस्था, आणि त्याचं लग्न अमुक दिवशी लागलं ही घटना. अवस्थेला ‘ही इज मॅरीड’, घटनेला ‘ही गॉट मॅरीड इन डिसेंबर’. म्हणजे झालंय का असं विचारायचं तर ‘आर यू मॅरीड’ आणि कधी झालं विचारायचं तर ‘व्हेन डिड यू गेट मॅरीड’. ही फोड एकदा कळली की टायर्ड, रेडी, सिक, सगळीकडे तीच लावता येते, ‘आय ॲम रेडी’ तयार आहे, ‘आय गॉट रेडी’ तयार झालो. आणि हो, आपल्याकडे लग्न कुणाशी तरी होतं म्हणून आपण मॅरीड विथ म्हणतो, इंग्रजीत मॅरीड टू.

मध्ये एखादी वस्तू किंवा माणूस घातला की होणेचं करणे होतं. ‘गेट रेडी’ तयार हो, ‘गेट द किड्स रेडी’ पोरांना तयार कर. ‘डोन्ट गेट युवर शूज वेट’ बूट भिजवू नकोस.

पायरी ३ : पुढे जागा असेल तर ‘पोचणे’

यात फार काही नाही. ‘हाऊ डू आय गेट टू दादर स्टेशन?’ दादर स्टेशनला कसं जायचं. जागेचं नाव आलं की मध्ये टू. फक्त होम, हिअर, देअर यांच्या आधी टू लावायचा नाही, ‘आय गॉट होम ॲट नाइन’. आपण ‘रीच’ फार वापरतो, व्हॉट्सॲपवर ‘रीच्ड’ टाकतो, चूक नाही, पण घरगुती बोलण्यात इंग्रज माणूस ‘गॉट होम सेफली’ असंच म्हणेल.

पायरी ४ : दुसऱ्याकडून करून घेतलंय का?

ही पायरी मी सगळ्यात जास्त वेळ शिकवतो, कमीत कमी तीन संध्याकाळी, कारण इथे मराठीच आपल्याला चुकवते. आपण म्हणतो ‘मी काल केस कापले’. ऐकणाऱ्याला माहीत असतं की सलूनमध्ये जाऊन आलाय. ‘आम्ही दिवाळीत घराला रंग दिला’, रंग रंगाऱ्याने दिला, पैसे आपण दिले. ‘मी गाडी रिपेअर केली’, हात काळे झाले मेकॅनिकचे. मराठीत कापून घेतले, देऊन घेतला, करून घेतली अशी रूपं आहेत पण रोजच्या बोलण्यात आपण ती गाळतो आणि काही अडत नाही. इंग्रजीत मात्र ‘आय कट माय हेअर’ म्हटलं की हातात कात्री घेऊन आरशासमोर स्वतः कापले असं पहिलं मनात येतं. ‘आय रिपेअर्ड माय बाइक’ म्हटलं की समोरचा विचारेल, अरे वा, तुला येतं?

त्यासाठी रचना अशी : गेट, मग वस्तू, मग क्रियापदाचं तिसरं रूप. ‘आय गॉट माय हेअर कट.’ ‘वी गॉट द हाउस पेंटेड.’ ‘आय गॉट माय बाइक रिपेअर्ड.’ ‘शी गॉट हर ब्लाउज स्टिच्ड.’ ‘आय नीड टू गेट माय आधार कार्ड अपडेटेड.’ शब्दांचा क्रम हलवू नका, वस्तू मधोमधच पाहिजे. गेटच्या जागी हॅव वापरलं तरी चालतं, ‘आय हॅड माय हेअर कट’, ते किंचित जास्त सभ्य वाटतं इतकंच, पण हॅवमध्ये क्रम चुकला की ‘आय हॅड कट माय हेअर’ होतं आणि त्याचा अर्थ मी आधीच स्वतः कापले होते असा निघतो, म्हणून नव्या माणसाला मी गेटच सुचवतो.

दवाखान्याची वाक्यं तर लिहूनच घ्या. ‘आईचं ऑपरेशन केलं’ याचं ‘वी ऑपरेटेड अवर मदर’ करू नका, ते काम सर्जनचं. ‘अवर मदर हॅड ॲन ऑपरेशन’ एवढं म्हणा. रक्त तपासलं, ‘आय गॉट माय ब्लड टेस्टेड’. डोळे तपासून घ्या, ‘गेट युवर आइज चेक्ड’. दात काढला, ‘आय गॉट अ टूथ पुल्ड आउट’.

आता माणसाचं नाव घ्यायचं असेल, म्हणजे कुणाकडून करून घेतलं, तर रचना बदलते : गेट, माणूस, टू, क्रियापदाचं पहिलं रूप. ‘आय गॉट द इलेक्ट्रिशियन टू फिक्स द फॅन.’ इथे टू विसरायचा नाही. मेक आणि हॅव असतील तर मात्र टू येत नाही, ‘आय हॅड द इलेक्ट्रिशियन फिक्स द फॅन’. मराठीत आपण ‘करायला लावलं’ म्हणतो, त्यात समजावून लावलं की धाक दाखवून हे कळत नाही, इंग्रजीत कळतं. ‘शी मेड हर हजबंड स्टॉप स्मोकिंग’ यात जबरदस्ती आहे. ‘शी गॉट हर हजबंड टू स्टॉप स्मोकिंग’ यात मनवणं आहे, गोड बोलणं आहे, मागे लागणं आहे, थोडे कष्ट आहेत. मला हा फरक फार महत्त्वाचा वाटतो कारण घरातल्या, ऑफिसातल्या नात्यांबद्दल बोलताना आपण मेक वापरतो आणि नकळत समोरच्याला कठोर वाटतो.

बंद पडलेली वस्तू खटपट करून सुरू केली तर वस्तूनंतर इंगचं रूप. ‘आय फायनली गॉट द पंप वर्किंग’, शेवटी एकदाची मोटर चालू केली. शेतकऱ्यांच्या मुलांना हे वाक्य एकदा सांगितलं की परत सांगावं लागत नाही.

आणि एक अपवादासारखं : ‘आय गॉट माय फिंगर कॉट इन द डोअर.’ रचना केस कापण्याचीच, पण कुणाकडून करून घेतलेलं नाही, दारात बोट सापडलं. नको असलेली गोष्ट असेल तर आपल्यावर आलेलं असा अर्थ घ्यायचा.

पायरी ५ : वस्तू मध्ये नाही, थेट तिसरं रूप

‘माय फोन गॉट स्टोलन’, फोन चोरीला गेला. ‘ही गॉट कॉट’, पकडला गेला. ‘शी गॉट प्रमोटेड’, तिला प्रमोशन मिळालं. इथे गेट म्हणजे आपलं जाणे, पकडला जाणे, मारला जाणे मधलं. ‘वॉज स्टोलन’ सुद्धा बरोबरच आहे, पण गॉटमध्ये अचानक घडलं, नशिबाने घडलं, माणसाला त्याचं काहीतरी वाटलं हा रंग येतो, त्यामुळे चांगली किंवा वाईट बातमी सांगताना ते पटकन तोंडात येतं. पोलीस तक्रारीत मात्र ‘वॉज स्टोलन’ लिहा. नो, लाइक, अशा नुसती अवस्था सांगणाऱ्या क्रियापदांना हे गॉट चालत नाही, ‘द आन्सर वॉज नोन’ म्हणतात, गॉट नोन नाही.

पायरी ६ : पुढे टू आला तर सावध

टू नंतर जागा असेल तर पोचणे, ते झालं. टू नंतर क्रियापद असेल तर तीन वाटा आहेत. ‘आय गेट टू वर्क फ्रॉम होम’ म्हणजे मला घरून काम करायला मिळतं, मी खूश आहे. ‘आय हॅव गॉट टू वर्क फ्रॉम होम’ म्हणजे मला घरून काम करावं लागतं, नाइलाज आहे. बोलताना या हॅव गॉट टूचं ‘गॉटा’ होतं, ‘आय गॉटा गो’, मला जायला हवं. आणि तिसरं ‘गेट टू नो’, ओळख होणे, ‘आय गॉट टू नो हर इन कॉलेज’. एका हॅवने आनंदाचं वाक्य नाइलाजाचं होतं, तेव्हा हे तीन वहीत एकाखाली एक लिहून ठेवा आणि स्वतःच्या आयुष्यातली वाक्यं करा, माझी घेऊ नका.

पायरी ७ : शेपटीचे छोटे शब्द

अप, ऑन, ऑफ, ओव्हर, बाय, बॅक. पुस्तकात यांच्या शंभर शंभरच्या याद्या असतात आणि त्या पाठ करून कुणालाही बोलता आलेलं मी पाहिलेलं नाही. रोज लागणारे थोडे घ्या.

प्रवासापासून सुरू करा. बस, ट्रेन, विमान, मोटरसायकल, घोडा यांना ऑन आणि ऑफ. कार, टॅक्सी, रिक्षा यांना इन आणि आउट ऑफ. जिथे उभं राहता येतं, चालता येतं किंवा टांग टाकून बसतो तिथे ऑन, जिथे वाकून आत शिरून बसावं लागतं तिथे इन. आपण सगळे ‘आय विल गेट डाउन ॲट ठाणे’ म्हणतो, आपल्याकडे लोकलमध्ये कुणी त्याला चूक म्हणणार नाही, पण लंडनला किंवा न्यूयॉर्कला राहायला गेलात तर ‘गेट ऑफ’ म्हणा, गेट डाउन त्यांच्याकडे झाडावरून किंवा शिडीवरून उतरायला आहे.

‘गेट अप’ म्हणजे उठणे आणि ‘वेक अप’ म्हणजे जाग येणे, ‘आय वोक अप ॲट फाइव्ह बट गॉट अप ॲट सेव्हन’. ‘गेट ओव्हर’ सावरणे, आजारातून, दुःखातून. ‘गेट अलाँग विथ’ कुणाशी पटणे, ‘शी गेट्स अलाँग वेल विथ हर मदर-इन-लॉ’, सासूशी तिचं छान पटतं, इंग्लंडमध्ये याच अर्थाने ‘गेट ऑन विथ’ जास्त ऐकू येतं. ‘गेट बाय’ कसंबसं भागवणे, तुटपुंज्या पगारात. ‘गेट रिड ऑफ’ सुटका करून घेणे, टाकून देणे. ‘गेट थ्रू’ फोन लागणे किंवा कठीण काळ निभावून नेणे. ‘गेट अवे विथ’ करूनसवरून नामानिराळे राहणे, याला मराठीत इतका चांगला शब्द आहे याचा मला आनंद होतो.

‘गेट बॅक’ आणि ‘गेट बॅक टू’ वेगळे. ‘आय गॉट बॅक ॲट टेन’ मी दहाला परत आलो. ‘वी विल गेट बॅक टू यू’ आम्ही तुम्हाला नंतर कळवू. इंटरव्ह्यूच्या शेवटी हे ऐकलं की निवड झाली असं समजू नका आणि नकार मिळाला असंही समजू नका, फक्त कळवणार आहेत, थँक यू म्हणून बाहेर पडा आणि आठवड्याने एक नम्र मेल करा.

गॉट की गॉटन?

भूतकाळी रूप सगळीकडे गॉट. तिसरं रूप इंग्लंडमध्ये गॉट, अमेरिकेत बहुतेक गॉटन. लोकांना वाटतं गॉटन ही अमेरिकनांची मोडतोड, पण ते जुनंच रूप आहे, इंग्लंडमध्ये मागे पडलं आणि अमेरिकेत टिकलं. इंग्रज आजही फरगॉटन म्हणतातच की, आणि वाईट मार्गाने मिळवलेल्या पैशाला इल-गॉटन. अमेरिकन माणूस दोन्ही वापरतो, ‘आय हॅव गॉट अ कार’ म्हणजे माझ्याकडे कार आहे, ‘आय हॅव गॉटन अ कार’ म्हणजे मी कार मिळवलीय, घेतलीय. आपली पुस्तकं ब्रिटिश वळणाची आहेत, परीक्षेत गॉट लिहा, आणि एका उत्तरात दोन्ही मिसळू नका.

‘हॅव गॉट’ म्हणजे नुसतं असणे, ‘आय हॅव गॉट टू सिस्टर्स’, मला दोन बहिणी आहेत. प्रश्न एकतर ‘हॅव यू गॉट अ पेन’ किंवा ‘डू यू हॅव अ पेन’. दोन्हीचं मिश्रण करून ‘डू यू हॅव गॉट’ म्हणू नका.

आणि गेट कुठे टाळायचं? अर्ज, बँकेचं पत्र, कंपनीला औपचारिक मेल, निबंध. तिथे मिळालंला ‘रिसीव्ह्ड’ किंवा ‘ऑब्टेन्ड’, झालंला ‘बिकेम’, पोचलोला ‘अराइव्ह्ड’, समजलंला ‘अंडरस्टुड’. ‘आय गॉट युवर लेटर’ मित्राला, ‘आय रिसीव्ह्ड युवर लेटर’ साहेबांना. उलट मित्राशी गप्पा मारताना ‘आय ऑब्टेन्ड अ कॉफी’ म्हणालात तर कागद वाचल्यासारखं वाटेल.

सराव कसा करायचा

एक वही करा आणि पानाला एकच पायरी द्या. दिवसभरात तुम्ही खरंच जे केलं ते रात्री मराठीत पाच ओळी लिहा, मग त्यातलं कुठलं वाक्य कुठल्या पायरीत बसतं ते शोधा आणि त्या पानावर इंग्रजीत लिहा. पहिल्या आठवड्यात पायरी १ आणि २ पुरे. सिरीज किंवा मॅच बघताना गेट ऐकलं की नुसता पुढचा शब्द टिपून ठेवा, अर्थ नंतर लावा.

खालची सात वाक्यं आधी स्वतः करा, मगच उत्तरं बघा. माझा मोबाइल चोरीला गेला. आम्ही गॅरेजमध्ये गाडीची सर्व्हिसिंग केली. अंधार पडत चाललाय. घरी पोचलास की फोन कर. तिने गोड बोलून मुलाला भाजी खायला लावली. त्या धक्क्यातून तो अजून सावरलेला नाही. मला आजीकडे चार दिवस राहायला मिळालं.

पहिलं, ‘माय फोन गॉट स्टोलन’. दुसरं, ‘वी गॉट द कार सर्व्हिस्ड’, वी सर्व्हिस्ड नाही, कारण काम गॅरेजवाल्याने केलं. तिसरं, ‘इट्स गेटिंग डार्क’. चौथं, ‘कॉल मी व्हेन यू गेट होम’, पोचशील तेव्हा म्हणून विल गेट करायचा मोह होतो पण व्हेननंतर साधा वर्तमानकाळच येतो, आणि होमच्या आधी टू नाही. पाचवं, ‘शी गॉट हर सन टू ईट हिज व्हेजिटेबल्स’, गोड बोलून म्हटलंय म्हणून मेड नको. सहावं, ‘ही हॅजन्ट गॉट ओव्हर द शॉक येट’, अमेरिकन वळणाने गॉटन. सातवं, ‘आय गॉट टू स्टे ॲट माय ग्रँडमदर्स फॉर फोर डेज’, इथे चुकून हॅड टू म्हणालात तर आजीकडे नाइलाजाने राहावं लागलं असा अर्थ होईल.